विनोदी पुस्तकाचा धनी

विनोदी लेखकाने आपले पुस्तक आपणच छापावे, आपणच विकावे आणि त्याची वार्ताही आपणच गावोगाव पोहोचवावी, की हा सारा खटाटोप प्रकाशक नामक जाणत्या मध्यस्थावर सोपवून आपण लेखणीपुरते पाहावे, हा प्रश्न वरकरणी जमाखर्चाचा भासतो. परंतु विनोदाच्या बाबतीत त्याला एक निराळीच अडचण चिकटलेली आहे. चरित्राची, प्रवासवर्णनाची किंवा पाकशास्त्रावरील ग्रंथाची शिफारस करता येते, कारण त्यात काय आहे हे सांगितल्याने ऐकणाऱ्याची जिज्ञासा वाढते. विनोदी पुस्तकाविषयी मात्र 'हे फार हसवते' असे कोणी म्हणाले की ऐकणारा त्याच क्षणी परीक्षकाच्या आसनावर बसतो, आणि मग त्याला हसवणे पूर्वीपेक्षा अधिक कठीण होऊन बसते. ज्याची स्तुती केल्याने गोडी उणावते अशा लेखनाचा प्रसार करावा तरी कसा, आणि तो कोणी करावा?

या प्रश्नावर माझ्या परिचयाच्या दोन व्यक्तींचे बोलणे झाले, ते मी येथे उतरवीत आहे. काका पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आयुष्यभर प्रकाशनाची पेढी चालवून आता निवृत्त झालेले. पुतणी साताऱ्यास शाळेत शिक्षिका, दिवाळी अंकांतून विनोदी लेख लिहिणारी, आणि आपला पहिला संग्रह स्वतःच प्रसिद्ध करण्याचा निश्चय केलेली. दोघांची भाषा मी थोडी आवरली आहे, आशय मात्र त्यांचाच आहे.

काका : तुझा बेत मला कळला आणि तुझ्या धाडसाचे कौतुकही वाटले. माझी हरकत एकच आहे. लेखक स्वतःच प्रकाशक झाला म्हणजे त्याच्या पुस्तकाला नकार देणारे माणूसच उरत नाही. आमच्या वेळी नकार देण्याचे काम अर्धे मी करीत असे आणि अर्धे छापखाना. पुस्तक फर्म्याने छापायचे, 16 पानांचा एक फर्मा. 10 फर्म्यांचे पुस्तक 160 पानांत बसलेच पाहिजे, आणि मजकूर 163 पानांवर गेला तर त्या तीन पानांपायी अकराव्या फर्म्याचा कागद, छपाई नि बांधणी पेढीच्या अंगावर येई. मग मी लेखकाला बोलावून सांगे की, एक लेख गाळा. लेखक रागावे, दोन-चार दिवस पेढीकडे फिरकत नसे, आणि अखेरीस जो लेख गाळायला काढून देई तो बहुधा खरोखरच सर्वांत दुबळा असे. आता तू मागणीनुसार पन्नास-शंभर प्रती काढून देणाऱ्या यंत्रावर छापणार. त्याला दोन पाने वाढली काय नि घटली काय, सारखेच. अगं, मग तुला अडवणार कोण?

पुतणी : काका, कात्री हवी हे मला मान्य आहे, परंतु ज्यांच्या हाती ती होती त्यांनी ती माझ्या लेखांना लावलीच नाही. एका प्रकाशनसंस्थेकडे माझे हस्तलिखित दोन पावसाळे पडून होते, आणि परत आले तेव्हा त्याच्या एकाही पानावर पेन्सिलीची खूण नव्हती. नव्या लेखिकेचे विनोदी पुस्तक उचलले जात नाही, एवढेच कारण मिळाले. वाचून नाकारले असते तर मी त्यातून काही शिकले असते. न वाचताच झालेल्या नकाराने मला काय शिकवावे? आणि स्वीकारले असते तरी हिशेब काय होता ते तुम्हीच पाहा. पुस्तकाची किंमत 200 रुपये धरू. प्रचलित रीतीने शेकडा 10 स्वामित्वधन, म्हणजे प्रतीमागे 20 रुपये, तेही विकल्या गेलेल्या प्रतींवर आणि वर्षाखेरचा हिशेब झाल्यावर. वितरक आणि विक्रेता मिळून शेकडा 40 ते 50 घेतात. तीच प्रत मी एखाद्या वाचनालयातील कार्यक्रमानंतर स्वतः वाचकाच्या हाती दिली, तर निर्मितीचा खर्च वजा जाता उरेल ते माझे. आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तो वाचक कोण, कोणत्या लेखाला हसला आणि कोणत्या ठिकाणी गप्प राहिला, हे मला समोर दिसेल.

काका : तुझ्या हिशेबात वसुलीचे कलम नाही. पुस्तके विक्रेत्याकडे उधारीवर जातात; न खपलेल्या प्रती कोपरे दुमडून परत येतात, खपलेल्यांचे पैसे तगादे लावल्याशिवाय येत नाहीत, आणि तगादा लावण्यासाठी एक गुमास्ता पगारावर ठेवावा लागतो. शाळेतून परतल्यावर तू लेख लिहिणार, की परभणीच्या विक्रेत्याला स्मरणपत्र लिहिणार? शिवाय ग्रंथालये. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये सुमारे 12000 आहेत. त्यांपैकी कित्येकांचे अनुदान तुटपुंजे असले तरी मराठी पुस्तकाला इतका विस्तृत आधार दुसरा नाही, आणि तिथला ग्रंथपाल एकेका लेखकाशी स्वतंत्र व्यवहार करीत बसत नाही. वितरकाच्या यादीवर खुणा करतो आणि मोकळा होतो. त्या यादीत तुझे पुस्तक नसेल तर गडचिरोलीच्या वाचकाच्या दृष्टीने ते छापलेच गेलेले नाही.

पुतणी : यादीत जाण्याला माझा विरोध नाही. ग्रंथालयांपुरते वितरण मी एका वितरकाकडे सोपवणार आहे, त्याचे कमिशनही देणार आहे. राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून आयएसबीएन क्रमांक विनामूल्य मिळतो, तो घेतला. 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांना मिळून चार प्रती पाठवायच्या, त्याही हिशेबात धरल्या आहेत. कायद्याच्या दृष्टीने मी जशी लेखिका तशीच प्रकाशकही होते, आणि ते कर्तव्य मला जड वाटत नाही.

काका : मग तुला मार्क ट्वेनची हकीकत सांगतो. इतका मोठा विनोदकार, परंतु स्वतःची प्रकाशनसंस्था काढण्याच्या मोहात पडला. भाचीच्या नवऱ्याला, चार्ल्स वेब्स्टरला, पुढे करून त्याने 1884 साली संस्था उभी केली आणि दहा वर्षांत, 1894 च्या एप्रिलमध्ये, तिचे दिवाळे निघाले. साठी जवळ आलेल्या त्या माणसाला कर्ज फेडण्यासाठी जगभर व्याख्याने देत हिंडावे लागले. 1896 च्या जानेवारीत तो आपल्या मुंबईत आला, पुणे आणि बडोदे येथेही जाऊन आला, तो ऐषारामाच्या प्रवासासाठी नव्हे. लेखकाने पेढी घातली की काय होते याचा याहून मोठा दाखला कोणता?

पुतणी : दाखला मोठाच आहे, पण पुरता सांगा ना, काका. ट्वेनचा 'हकलबेरी फिन' 1885 साली त्याच्या स्वतःच्याच संस्थेने काढला. त्या वेळी तिकडे वर्गणीदारांच्या पद्धतीने पुस्तके विकत. फिरते विक्रेते नमुन्याची पाने आणि चित्रे घेऊन दारोदार जात आणि आगाऊ मागणी नोंदवून घेत. ट्वेनने बजावले होते की 40000 प्रतींची मागणी नोंदल्याशिवाय पुस्तक बाहेर काढायचे नाही. मध्येच एका चित्राच्या ठशात कोणीतरी अश्लील खोडसाळपणा केल्याचे उघडकीस आले, ती पाने बदलावी लागली, नाताळचा हंगाम हुकला. तरी पुस्तक तरले. तरले ते कशामुळे? 1884-85 च्या हिवाळ्यात जॉर्ज केबल या दुसऱ्या लेखकाला बरोबर घेऊन ट्वेन शहरोशहरी स्वतः वाचन करीत होता, आणि अद्याप प्रसिद्ध न झालेल्या त्या पुस्तकातले प्रसंग श्रोत्यांना ऐकवीत होता. लोकांनी आधी ऐकले आणि मग विकत घेतले.

काका : आणि दिवाळे?

पुतणी : दिवाळे स्वतःचे लेखन छापल्यामुळे निघाले नाही. त्याच संस्थेने जनरल ग्रँटच्या आठवणी छापून त्याच्या विधवेला एकाच धनादेशाने 200000 डॉलर दिले. पुढे तिने दुसऱ्यांचे मोठमोठे ग्रंथ हाती घेतले, अकरा खंडांचा एक वाङ्मयसंग्रह हप्त्यांनी विकण्यात भांडवल अडकवले, ट्वेनने खिळे जुळवण्याच्या एका नव्या यंत्रात अफाट पैसा ओतला आणि ते यंत्र कधी धड चाललेच नाही. त्यातच 1893 ची मंदी आली. तो बुडाला तो कारखानदारीमुळे. आणि सावरला कशामुळे, हे तर तुम्हीच सांगितलेत. व्यासपीठावर उभे राहून स्वतःच्या तोंडाने लोकांना हसवल्यामुळे. 1898 पर्यंत त्याने सावकारांची पै न पै चुकती केली.

येथे मला मध्ये बोलल्यावाचून राहवत नाही. काकांनी दाखला दिला तो इशाऱ्यादाखल आणि पुतणीने तोच उलटवला. परंतु मला त्यात दोघांच्याही पक्षापलीकडचे एक तथ्य दिसते. ट्वेनच्या सर्व व्यवहारांत जो भाग कधीही फसला नाही तो एकच होता: पुस्तक हाती पडण्यापूर्वी त्यातील हास्याचा थोडा अंश श्रोत्याला प्रत्यक्ष देऊन टाकणे. 1869 साली त्याचे पहिले मोठे प्रवासवर्णन एका त्रयस्थ कंपनीने छापले तेव्हाही हेच, आणि पुढे तो स्वतः मालक झाला तेव्हाही हेच. छापणारा कोणी असो, विनोदाची जाहिरात विनोदानेच करावी लागते, आणि ती करण्यास लेखकावाचून दुसरा कोणी समर्थ नसतो. हे मी ट्वेनच्या देशापुरते म्हणत नाही. आपल्याकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा विनोद 1902 पासून 'विविधज्ञानविस्तारा'तून वाचकांपुढे आला आणि 'सुदाम्याचे पोहे' ग्रंथरूपाने हाती पडण्यास त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली; तोवर वाचकवर्ग तयार झाला होता, आपण कशाला हसावे याची त्याला सवय लागली होती. 1909 साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि पुढे 'आवाज', 'मोहिनी', 'जत्रा' यांसारख्या अंकांनी विनोदी लेखकाला दर वर्षी हजारो अनोळखी घरांत फुकट नेऊन पोहोचवले. वास्तविक हीच मराठी विनोदाची सर्वांत मोठी प्रसारसंस्था होती, आणि तिचा खर्च लेखकाला कधी सोसावा लागला नाही. ती आज क्षीण झाली आहे, आणि स्वतंत्र लेखकापुढचे खरे संकट मला तिथे दिसते. छापखाना त्या मानाने पुष्कळच सुलभ झाला आहे.

हा मुद्दा मी मांडला तेव्हा काकांनी मान हलवली, परंतु त्यांची शंका फिटली नव्हती.

काका : व्यासपीठाचे महत्त्व मी नाकारीत नाही. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे कथाकथनासाठी गावोगाव जात, तेव्हा जिथे पुस्तकांचे दुकान नव्हते तिथेही लोकांना त्यांची पात्रे पाठ झाली. 'बटाट्याची चाळ' 1958 साली पुस्तकरूपाने आली आणि 1961 पासून पु. ल. देशपांडे एकट्याने रंगमंचावर ती सादर करू लागले. लक्ष्मण देशपांड्यांनी तर 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मधली 52 पात्रे वर्षानुवर्षे एकट्याने उभी केली. परंतु ही सारी वाणी लाभलेली माणसे. ज्याला लिहिता येते त्याला बोलता येतेच असे कुठे आहे? चिं. वि. जोशी बडोद्याचे पालीचे पंडित. त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ घरोघर गेले ते छापील पानांवरून, आणि मागाहून चित्रपटाने व दूरदर्शनने त्यांना उचलले. ज्या विनोदकाराला चार माणसांपुढे उभे राहिले की घाम फुटतो, त्याने काय करावे? अशासाठीच प्रकाशक असतो. लेखक मुका असला तरी पुस्तक बोलके करणे हे त्याचे काम.

पुतणी : हे मला पटते, काका. ज्याला बोलता येत नाही त्याने दुसऱ्याकडून वाचून घ्यावे, नाटकवेड्या तरुणांना चार पाने द्यावीत. पण सर्वांना माझाच मार्ग लागू पडेल असे मी म्हणणार नाही. माझ्यापुरते सांगते. आमच्या गावच्या वाचनालयात मी दर महिन्याला एक लेख वाचते. येणारी माणसे चाळीस-पन्नास, त्यांत निवृत्त पोस्टमास्तर आहेत, दूध संकलन केंद्रावरच्या बायका आहेत, माझ्या माजी विद्यार्थ्यांचे पालक आहेत. ज्या वाक्यावर मी घरी लिहिताना स्वतःवर खूष झाले होते तिथे ती माणसे निमूट बसतात, आणि ज्या वाक्याकडे माझे लक्षही नव्हते तिथे सभागृह हसते. तुमच्या फर्म्याने जी कात्री चालवली ती माझ्याकडे ही माणसे चालवतात.

काका : आणि दूरध्वनीवर जे फिरते त्याचे काय? तूच सांगत होतीस की तुझा एक लेख नाव कापून फिरला.

पुतणी : फिरला, आणि मला त्याचे अतिशय वाईट वाटले. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याच मावशीने तो मला पाठवला, खाली पु. ल. देशपांडे यांचे नाव घालून. चांगले मराठी आणि थोडे हसू दिसले की लोक त्याला पु. लं.चे नाव लावतात. त्यात त्यांच्याविषयीचे प्रेमच असते, पण त्यामुळे पु. लं.वरही अन्याय होतो आणि लिहिणाऱ्यावरही. 1957 चा कायदा सांगतो की लेखन निर्माण होताच हक्क लेखकाचा, नोंदणीची गरज नाही, आणि हे लेखन माझे आहे असे सांगण्याचा अधिकार तर हक्क विकल्यावरही लेखकापाशी राहतो. पण मावशीवर मी दावा थोडाच लावणार? माझ्यापाशी उपाय एकच: पूर्ण लेख मोकळा सोडायचा नाही. माझ्या आवाजातले दोन-तीन मिनिटांचे वाचन सोडायचे, आणि उरलेले पुस्तकात. आवाजावरचे नाव कापता येत नाही.

काका : हे मात्र शहाणपणाचे. पुस्तक हा लेखकाच्या मालकीचा दस्तऐवज असतो, हे मी आजवर व्यवहारापुरते म्हणत आलो. तू म्हणतेस त्या परिस्थितीत ते अक्षरशः खरे ठरले. फिरत्या मजकुराला धनी नसतो; छापील पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव, आवृत्ती आणि वर्ष असते, आणि ते पन्नास वर्षांनीही एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटातून पुरावा देते. म्हणून तू पुस्तक काढ, आणि स्वतः काढायचे तर स्वतः काढ. प्रती तीनशेच काढ, पहिल्या उत्साहात हजार काढून घराची माडी भरू नकोस. वर्गणीदार आधी नोंदव. आपल्याकडेही प्रकाशनपूर्व सवलत ही जुनी रीत आहे आणि तिच्यात नवशिक्याला मोठे संरक्षण आहे. पण हस्तलिखित एकदा माझ्याकडे दे. पैसे घेणार नाही, कायद्याने प्रकाशकही तूच राहशील. गाळण्याचा अधिकार तेवढा मला दे.

पुतणीने तो दिला, आणि या प्रकरणातील सर्वांत समंजस करार माझ्या मते हाच झाला. लेखकाचे स्वातंत्र्य म्हणून ज्याचा आज इतका गौरव होतो त्यात छपाईचे, किमतीचे आणि वाचकाशी थेट व्यवहाराचे स्वातंत्र्य येते, आणि ते सर्व इष्टच आहे. परंतु स्वतःच्या लेखनावर स्वतःच अंतिम निवाडा देण्याचे स्वातंत्र्य विनोदी लेखकाला तरी परवडत नाही. करुण लेखन थोडे सैल झाले तर वाचक सहानुभूतीने निभावून नेतो. विनोद सैल झाला की वाचक पुस्तक मिटतो, आणि त्या लेखकाचे पुढचे पुस्तक हातीही धरत नाही. म्हणून जो एकट्याने प्रकाशनास निघाला आहे त्याने पैसे वाचवायचे तर मुखपृष्ठावर वाचवावेत, प्रकाशनसमारंभावर अवश्य वाचवावेत. कठोर वाचकाचा शोध मात्र, तो घरात नसेल तर गावाबाहेर जाऊनही, घ्यावा.

काकांनी सुमारे तीस लेखांतून सात काढून टाकले. शिपायाच्या गरिबीवर बेतलेला एक लेख त्यांनी पहिल्याच वाचनात बाजूला ठेवला, आणि पुतणीनेही त्याबद्दल वाद घातला नाही. वाद उरला तो एकाच लेखावर. शाळेतील पालकसभेचे वर्णन असलेला हा लेख तिने वाचला तेव्हा श्रोते सर्वांत अधिक हसले होते. काकांना मात्र तो कागदावर विरळ वाटला. तिचे म्हणणे असे की ज्यांनी तो ऐकला आहे ते त्याच्यासाठीच पुस्तक घेतील, आणि वाचताना त्यांच्या कानी तिचाच आवाज येईल. काकांचे म्हणणे असे की पालकसभेतील एकेका बाईच्या बोलण्याची जी ढब ती वाचताना काढते ती लेखात उतरलेलीच नाही, आणि ज्या वाचकाने तिला कधी ऐकले नाही त्याला तिथे नुसते संवाद सापडतील.

दोघांनी माझे मत विचारले. श्रोत्यांचे हसणे खोटे नव्हते, आणि तो लेख संग्रहात असावा हे पुतणीचे म्हणणे मला योग्य वाटते. परंतु ते हसू आज तिच्या गळ्यात आहे, पानावर नाही. वितरकाच्या यादीतून हे पुस्तक ज्या ग्रंथालयांत जाईल तिथला वाचक ती साताऱ्याची की सोलापूरची हेही जाणत नसेल, आणि पुस्तक त्याच्यासाठीही आहे. वाचनालयात त्या लेखाच्या वाचनाचे झालेले ध्वनिमुद्रण तिच्यापाशी आहे. ते समोर ठेवून, आवाजाने जे जे केले ते शब्दांकडून करवून घेईपर्यंत तिने तो लेख नव्याने लिहावा, आणि तोवर पुस्तक छपाईस देऊ नये, असे मी तिला सांगितले आहे.